राहणाऱ्यास

लिफाफ्यावर नाव नव्हतंच.
नुसतं, राहणाऱ्यास.
सतरा, हेनस्टॉक स्ट्रीट, ग्रिम्सबी.
योलिता म्हणाली, हे आपलं नाही,
मालक आला की देऊ,
आणि खिडकीत ठेवून दिला
पिझ्झाच्या जाहिरातींखाली.

दुसरा आला. तोही तिथेच.
तिसरा कुणीतरी चिकटपट्टीने दारालाच लावून गेलं
तेव्हा शेजारच्या एनिडबाईंनी तो चष्मा पुसत वाचला
आणि काही न बोलता आधी किटली ठेवली.

घर गहाण होतं.
ट्रेडगोल्डसाहेबांनी चौदा महिने हप्ता भरला नव्हता.
आणि भाडं?
भाडं तर दर शुक्रवारी, पाळी सुटल्यावर,
बोटांना हॅडॉकचा वास असतानाच
तिने मोजून दिलेलं.
त्यांनी कधी मोजलंसुद्धा नाही.
"विश्वास आहे," म्हणायचे, खिशात घालताना.

बँकेच्या कागदात योलिता नाही.
दोमिनिकास नाही, त्याचा दम्याचा पंप नाही,
दाराच्या चौकटीवरच्या पेन्सिलीच्या रेघा नाहीत
(सहा वर्षं; शेवटची कडीच्या वर गेलेली).
कागदात तिथे मालक स्वतःच राहतात,
एकटे, निर्व्यसनी,
सहीनिशी.

म्हणजे इतकी वर्षं ती
एका न राहणाऱ्या माणसाच्या
राहण्यात राहत होती.

कोर्टाच्या व्हरांड्यात मंगळवारी एक सल्लागार बसतो, फुकट.
ऑसगुड. टायवर अंड्याचा डाग.
पावत्या आहेत?
तिने बिस्किटांचा डबा उघडला.
पावत्या नव्हत्या, वही होती.
तारीख, पौंड, आणि समोर मालकाची आद्याक्षरं,
कधी निळी, कधी शाई संपत आलेली.
"पुरे," तो म्हणाला.
मग म्हणाला, "घर वाचणार नाही, आधीच सांगतो.
दोन महिने मिळू शकतात. पण मागावे लागतात."
मूल रडल्याशिवाय आईही पाजत नाही,
आणि हे तर काउंटी कोर्ट.

अकरा मिनिटं.
मालकाची खुर्ची रिकामी.
बँकेची वकील तरुण, सर्दी झालेली,
तिलाही हे लवकर आटपायचं होतं.
न्यायाधीशांनी विचारलं, आपण कोण?

इतक्या कागदांत पहिल्यांदाच कुणी विचारलं.
धुरीखान्यात मासे टांगता टांगता
पाठ केलेली सगळी वाक्यं
तिथल्या तिथे विरघळली.
"मी राहते," ती म्हणाली.

वही या हातातून त्या हातात गेली.
पानांवर खवले चिकटलेले होते, दोन-तीन, चमकणारे.
कुणी काही बोललं नाही.

दोन महिने मिळाले.
आणि एक अट : या काळातलं भाडं आता बँकेला.
तीच रक्कम, तोच शुक्रवार,
खिसा तेवढा दुसरा.

आठवड्याने हुकूम आला.
या वेळी लिफाफ्यावर तिचं नाव,
एक अक्षर चुकलेलं.
तिने ते पेन्सिलीने दुरुस्त केलं,
त्याच पेन्सिलीने.
आत लिहिलं होतं, राहणार : सतरा, हेनस्टॉक स्ट्रीट.
राहणार.
आणखी त्रेपन्न दिवस.

एनिडबाईंनी चर्चच्या फलकावर चिठ्ठी लावली :
आई, मुलगा, दोन खोल्या, कुत्रा नाही.
दोमिनिकासने विचारलं, चौकट नेता येते का?
ती म्हणाली, नाही.
मग म्हणाली, फोटो काढ.

शेवटच्या सकाळी पेट्या बाहेर गेल्यावर
दाराच्या फटीतून एक लिफाफा आत पडला.
राहणाऱ्यास.
आता तर तो खरंच तिचा नव्हता.
तरी तिने उभ्या उभ्या फोडला;
आता ती सगळंच फोडून वाचते.

एका पिझ्झावर एक फुकट,
महिनाअखेरपर्यंत.