बोट लागली

हर्णैचा लिलाव आटपून
यमुना चोगले वर्गात येते,
वहीच्या पुठ्ठ्याला एक खवलं चिकटलेलं.

मुकादम मॅडम फळ्यावर लिहितात: कॅच अ कोल्ड.
"सर्दी पकडायची? ती काय सुरमई हाय?"
मिस द बोट: यात होडी नाही, संधी हुकते.
पाऊस हेवी, वारा मात्र स्ट्राँग.
का?
"तसंच म्हणतात."
यमुना लिहून घेते, भाव पडल्यासारखं तोंड करून.

मग विचारते, "बोट लागली, ह्ये कसं बोलायचं?"
"किनाऱ्याला?"
"नाय. माझ्या जावेला."

मॅडमच्या बोटांत खडू तसाच.
भूक लागते, ठेच लागते, नजर लागते,
कुणाचं कोण लागतं...
बंदरावर दिवे लागले,
फळ्याची उजवी बाजू अजून कोरी.