पाण्याचा दिवस

आमच्याकडं पाणी पाच दिवसांनी येतं,
रात्री अडीचला, कधी साडेतीनला.
नळ आधी खोकतो,
मग बराच वेळ नुसता वारा सोडतो,
मग तांबूस काहीतरी, मग पाणी.

त्या रात्रीपुरता मी माणूस असायचो.
बादल्या, पिंप, टाकी, घागर.
बाकीचे चार दिवस
भिंतीकडं तोंड करून.

पत्र्याखाली चव्वेचाळीस अंश,
पलीकडं बोल्लीच्या शेडमध्ये सहा माग,
खटक्-खट, खटक्-खट,
आणि माझ्या डोक्यावरून आमचीच चादर,
मीच घडी घातलेली,
किनारीत दोष म्हणून सेकंडात निघालेली.

धागा तुटलाय, गाठ मार की बे, होतंय चालू.
विणकरांच्या गावात सगळ्यांना हेच सुचतं.
पण तुटलं काहीच नव्हतं.
ताणा शाबूत, बाणा भरलेला,
वीजसुद्धा होती.
फक्त बटणापर्यंत हात
जात नव्हता.

मेहुणा म्हणाला, अडुसष्ट लिंगांना पायी जाऊन ये.
आई म्हणाली, नजर.
मालक म्हणाला, सोमवारी ये, नाहीतर दुसरा बघतो.
सुवर्णा काही म्हणाली नाही.
दाढीचं सामान बादलीशेजारी ठेवत राहिली
एकवीस दिवस.
बाविसाव्या दिवशी मी एक गाल केला.
दुसरा दुपारी.

सिव्हिलच्या रांगेत दोन तास.
डॉक्टरीणबाई श्रावणीपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल.
उठल्यावर पहिलं काय करता?
उठत नाही, म्हणालो.
तिनं ते लिहून घेतलं,
हसली नाही, रागावलीही नाही.
रात्री अर्धी गोळी. गुण यायला तीन-चार आठवडे.
तोवर रोज एक काम ठरवा, म्हणाली,
इतकं लहान
की कुणाला सांगायची लाज वाटावी.

म्हणून इथं सांगतो.
उंबऱ्यातल्या चपला सरळ केल्या.
चटणीसाठी मूठभर शेंगा सोलल्या,
दुसऱ्या मुठीला थांबलो,
आणि थांबल्याबद्दल स्वतःला शिवी दिली नाही.
(हे सगळ्यात जड गेलं.)

समोरच्या ओट्यावर नरसम्मा
मांडीवर सूप घेऊन विड्या वळते.
तिची भिजलेली पानं मी कापून देऊ लागलो.
ती तेलुगूत मोजते, मी मराठीत,
पंचविसाला दोघं बरोबर पोचतो.
एकदा म्हणाली, माझा पोरगापण असाच होता, भिवंडीला.
पुढं बोलली नाही.
मी पानं कापत राहिलो,
आणि उद्या येतो म्हणालो,
ती काही न विचारता.

संध्याकाळी मुर्तुजा सायकल टेकवून
दारातनंच ओरडतो, चल बे, तलावापर्यंत.
कंबर तलावात कमळं थोडी, जलपर्णी फार.
तो त्याच्या म्हशीबद्दल बोलतो.
येताना कधी मीही
म्हशीबद्दल एखादा प्रश्न विचारतो.

मध्ये एक मंगळवार पार वाया गेला.
चादर पुन्हा डोक्यावरून, गोळी विसरलेली,
सुवर्णाच्या हातची कडक भाकरी
ताटात तशीच, वाकडी.
पण या खेपेला तोंड दाराकडं होतं.
पुढच्या वेळी मी हे डॉक्टरीणबाईंना सांगितलं.
तिनं तेही लिहून घेतलं.

काल पाण्याचा दिवस.
वरच्या चौकात पाइप फुटलाय, कुणीतरी म्हणालं,
आज काही खरं नाही, झोपा.
गल्ली झोपली.
मी अडीचला उठून बसलो होतो,
घागर नळाखाली.

नळ खोकला.
मग वारा.
मग बराच वेळ वारा.

होऊ दे, म्हणालो त्याला,
सावकाश.