आठ पट्ट्यांचा तक्ता

कंपनीने तक्ते पाठवले, मी चिकटवले,
सोहारच्या कॅम्पात, संडासांच्या बारा दारांना आतून,
बसल्यावर डोळ्यांसमोर येतील असे.
आठ पट्ट्या. वर फिकट, खाली गडद.
पाच भाषांत एकच वाक्य: लघवीचा रंग बघा.
आपली भाषा त्यात नव्हती,
म्हणून पट्ट्यांना मीच नावं दिली.
ताकाची निवळी. लिंबू सरबत. उसाचा रस.
मग हळदीचं पाणी, मग मोहरीचं तेल,
मग गुऱ्हाळात कढई गडद होऊ लागते तो रंग,
मग कोरा चहा.
सगळ्यांत खाली काकवी.

वरच्या तीन असल्या तर निवांत झोपा.
चौथीपासून पाणी वाढवा, तहानेची वाट बघू नका.
चहा दिसला तर विचारत बसू नका, उठा आणि या,
असं लिसम्मा सिस्टर सांगते,
मल्याळी हिंदीत, प्रत्येक खोलीच्या दारात उभी राहून.

घरी सांगितलंय, मी हेल्थ विभागात आहे.
अगदीच खोटं नाही.
डॉक्टर महिन्यातून एकदा येतो,
एका हाताने पट्टा फुगवतो, दुसऱ्या हाताने घड्याळ बघतो.
मी रोज येतो, पहाटे तीनला आणि रात्री दहाला.
टाकीला दाब नसतो
तेव्हा जे वाहून जात नाही
ते मला दिसतं.

रात्री खाटांवर बातम्या वाटल्या जातात.
मफिजुलकडे रोज नवीन औषध:
उपाशीपोटी जिरं, झोपताना लसूण,
कारल्याच्या पाण्यात पाय बुडवले की साखर पळते.
टेकबहादूर म्हणतो, उन्हातून येऊन थंड प्यायलं
की काळीज थांबतं, त्याच्या गावचा एक जण असाच गेला.
अन्वर हमदुले चष्मा पुसून मोठ्याने वाचतो:
निरोगी राहायचं तर रोज दहा हजार पावलं चाला.
सगळी खोली हसली.
भिंतीपलीकडचे पण हसले, न ऐकता.
कोमरय्या हसला नाही.

जुलैचा तिसरा आठवडा.
नवव्या दाराआड कोरा चहा.
दुसऱ्या दिवशी चहा. तिसऱ्या दिवशी पण.
चौथ्या पहाटे मी बादली ओतलीच नाही,
हातात धरून उभा राहिलो.
दार उघडून कोमरय्या बाहेर आला,
माझ्याकडे बघितलं, मग बादलीकडे.
ओठांवर मीठ फुटलेलं.

म्हटलं, पाणी का पीत नाहीस रे?
साइटवर थंड पाण्याचे दोन डबे भरलेले असतात.

तो म्हणाला, पाणी प्यायलं की जावं लागतं, भाई.
निळा संडास सहाशे चाळीस पावलं लांब.
जायचं, यायचं,
फोरमन वहीत अर्धा तास कापतो.

इतकंच बोलला.
माझ्या बारा दारांवर, पाच भाषांत,
याला पट्टी नव्हती.

लिसम्माने दोन बाटल्या चढवल्या,
रक्त शहरात पाठवलं.
क्रिएटिनिन हा शब्द मी त्या दिवशी शिकलो,
आमच्या शिवेवरच्या एखाद्या देवाचं नाव असावं तसा.
आकडा वाढला होता, पण उतरेल म्हणाली.
पाच दिवस तो खाटेवर होता, त्या पाच दिवसांचं
फोरमनने वहीत काय लिहिलं, माहीत नाही.

नवव्या दारावर, काकवीच्या खाली,
मी पेनाने लिहिलं: ६४०.
सेफ्टीवाले साहेब आले तपासणीला.
हा काय नंबर? मी म्हटलं, पावलं.
त्यांनी तक्त्याचा फोटो काढला.
निळा डबा अजून तिथंच आहे.
पण कोमरय्या परवा सांगत होता,
कोणीतरी त्याच्याभोवती चुन्याची रेघ मारून गेलंय,
आणि तशीच एक रेघ क्रेनजवळ, रिकामी.

शुक्रवारी घरून फोन.
तिकडं लई ऊन म्हणतात, बातम्यांत दाखवलं,
पाणी पितोस ना?
म्हटलं, अगं, तेच तर माझं काम.
फोन ठेवला, बाराव्या दारात शिरलो,
कडी लावली, वाकून बघितलं.

मोहरीचं तेल.