हिंगण्यात एकदा जुळवून पाहताना

नवतपाचा तिसरा दिवस. सेहेचाळीस.
हिंगणा एमआयडीसीत, शेडच्या मागच्या अंगणात
आम्ही बर्फातलं घर उभं करतोय.

सव्वाचार हजार मीटरवर जायचंय त्याला,
एका खिंडीच्या अलीकडे,
जिथे दोन वर्षांपूर्वी तिघे जण
तंबूत सकाळची वाट बघत राहिले.
एवढंच होतं पत्रात. बाकी मापं.

एरवी आम्ही संत्र्यांसाठी शीतगृहं बांधतो,
काटोल, वरुड, कळमेश्वर.
थंडी आत कोंडणारी भिंत
थंडी बाहेरही ठेवते.
कुठल्या बाजूला कोण आहे,
हे भिंत विचारत नाही.

शालिक गजभिये पाना कसतोय,
डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा.
"मॅडम, दार उलटं काढलं तुमी."
उलटं नव्हतं. ते आतच उघडायला हवं:
रात्रीतून बाहेर छातीभर बर्फ साचला
की बाहेर ढकलायचं दार म्हणजे आणखी एक भिंत.
तो थोडा वेळ उन्हाकडे बघत राहिला,
जणू तिथे किती साचलंय ते मोजतोय.
मग बिजागऱ्या कापल्या, पुन्हा जोडल्या.

जेवणाच्या सुट्टीत, कूलरसमोर,
मी वाचलेलं सांगितलं.
आल्प्समध्ये आधी नुसता पुढे झुकलेला खडक,
त्याला दगडांचा आडोसा, खाली वाळलं गवत.
मग फळ्या, खाली गावात कापून, आकडे घालून
खेचरांवरून आणि माणसांच्या पाठीवरून वर नेलेल्या.
त्या पाठींची नावं मला कुठे सापडली नाहीत.
मग आडव्या अर्ध्या पिंपासारखी पत्र्याची पेटी;
आत ताठ उभं राहता येत नाही,
पण वारा वरून घसरून जातो.

"म्हंजे आपल्यावानीच," शालिक म्हणाला,
"आधी गोटे, मंग फळ्या, मंग टिन."
आणि भाकरीचा शेवटचा तुकडा
झुणक्यात फिरवत राहिला.

बोल्ट मी मुद्दाम मोठे काढले होते.
ते चालतात का बघायला त्याने
वेल्डिंगचे चामडी हातमोजे चढवले, डोळे मिटले.
"अंधार बी असन न तिथी."
चाचपडत एकेक बोल्ट फिरवला.
एक सोडून सगळे फिरले.
तो एक आम्ही बदलला.

पाचव्या दिवशी तो कडी घेऊन आला,
स्वतः घडवलेली, जाड, कोयंड्यासकट.
"कुलूप कुठी लावाचं?"
नाही लावायचं.
"राखण कोनाची मंग?"
कोणाचीच नाही. जो पोचेल त्याचं घर.
तीस वर्षं या माणसाने शटरं बनवली,
ग्रिलं, दुकानांचे सरकते दरवाजे,
इतवारीपासून धरमपेठेपर्यंत
लोक त्याच्या हातच्या लोखंडाआड निजतात.
कडी त्याने हातात उलटसुलट केली.
मग आतल्या बाजूने बसवली.
"हवेसाठी," म्हणाला.

शेवटी सगळे आत शिरलो.
आठ जणांच्या फळीवर अकरा जण,
गुडघ्याला गुडघा. दार लावलं.
अमरावती रोडचे ट्रक एकदम बंद झाले.
गोंदाचा, कांद्याचा, आमचाच वास.
दहा मिनिटांत घामाने निथळलो,
तरी आधी कोणी उठेना.
त्या तिघांचं कोणी बोललं नाही.
मला वाटतं सगळे
फळीवर उरलेली जागा मोजत होते.

मग खोललं. प्रत्येक तुकड्यावर
लाल ऑइलपेंटने आकडा: अ-१, अ-२, छपराचा छ.
ट्रेलर लागला तेव्हा मी नोंदवही तपासली.
ती कोरी पाठवायची होती.
पहिल्या पानावर लाल अंगठा उमटलेला,
आणि रकान्यांत, ओळ न सोडता:

नाव: शालिक गोमाजी गजभिये.
कुठून: हिंगणा.
कुठे: घरी.
शेरा: लय उकडते. दार आत उघडते.