परटाघडी

फ्लीटवुडला, समुद्राकडे पाठ करून उभ्या
आमच्या वृद्धाश्रमाच्या तळघरात माझी तीन यंत्रं.
दोन धुणारी, एक वाळवणारी,
आणि एक इस्त्री, जिची वायर डॅरेननं
चिकटपट्टी लावून दोनदा जगवलीय.

बावीस माणसांचे कपडे माझ्याकडे उतरतात.
कॉलरच्या आत प्रत्येकाचं नाव शिवलेलं.
माणसं मी फारशी पाहिलेली नाहीत,
खिसे पाहिलेत.
विनिफ्रेड ऑर्मरॉड, खोली नऊ:
कागदी रुमालात अर्धं बिस्किट, कुणासाठी तरी राखलेलं.
हॅरल्ड थ्रेलफॉल, खोली चौदा, जन्मभर मासेमारीच्या बोटीवर:
पायजम्याच्या नाडीच्या टोकाला रोज एक नवी गाठ,
सोडवायला मला दाभण लागतो.
गेल्या मंगळवारी त्याच्या खिशात खालची कवळी निघाली.
वर नेऊन दिली तेव्हा कळलं,
दोन दिवस तो जेवण तसंच परत पाठवतोय
आणि वहीत लिहिलंय: भूक नाही.

मी इचलकरंजीची. वडील मागावर जॉबर.
डोळे मिटून कापडावरून हात फिरवायचे
आणि सांगायचे, रात्रपाळीत नेमका कुठे
कामगाराचा डोळा लागला.
मला तेच चादरीत कळतं.

एकच ओलं कडं असेल
तर कुणीतरी वेळेवर आलं.
एकात एक दोन कडी, बाहेरचं वाळून पिवळं,
म्हणजे घंटा वाजली,
वाजत राहिली,
मग वाजवणाऱ्यानंच हात खाली घेतला.

तीन कडी मी एकदाच पाहिली.
खोली चौदा.
त्या रात्री टेंडाय एकटी होती, बावीस जणांना.
दुसरी आजारी, बदली कुणी मागवलीच नाही.
पहाटे तीच चादर घेऊन खाली आली,
माझ्याकडे न बघता म्हणाली, साठवर लाव.
तिचा व्हिसा या इमारतीच्या हातात आहे.
माझा नाही.
म्हणजे बोलायचं तर मीच.
मी साठवर लावली.

आज तपासनीस बाई आल्या, बूट ओले.
मॅनेजरबाईंनी वर परटाघडीची उत्तरं दिली असणार,
एकही सुरकुती नसलेली.
तक्ते भरलेले: दर दोन तासांनी कूस बदलली,
बारा, दोन, चार, सहा,
एकाच पेननं, एका दमात.
खाली येऊन त्यांनी पाण्याचं तापमान टिपून घेतलं,
साबणाच्या कपाटाला कुलूप आहे का पाहिलं.
जाताना दारात म्हणाल्या, आणखी काही?

तेवढ्यात वाळवणारं यंत्र थांबलं.
ते थांबलं की तळघर फार मोठं वाटतं.

मी चौदा नंबरची चादर काढली,
पांढरीशुभ्र, चार पदरी.
उलगडून खिडकीला धरली,
जिच्यातून आम्हाला रस्त्यावरचे नुसते पाय दिसतात.
साठवर धुऊनही तिसरं कडं पुरतं जात नाही.
उजेडापुढे धरावं लागतं, थोडं तिरकं.

टेंडायचं नाव मी घेतलं नाही.
म्हटलं, त्या रात्री एकीच्या वाट्याला बावीस होते.
दुसरीचा पगार कुणी वाचवला, ते वर विचारा.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
दिसलं की नाही, कोण जाणे.
वही मात्र त्यांनी परत उघडली.

चार वाजता चौदा नंबरचा पायजमा इस्त्रीला घेतला.
आजची गाठ पाहिली, दुहेरी, घट्ट,
वादळात दोर धरून राहील अशी.
दाभण हातात घेतला होता.
राहू दे म्हटलं.