नव्वदावा दिवस

आर्मस लाहतेला, वय त्रेपन्न.
सत्तावीस वर्षं डलूथच्या बंदरात
रेडिओवर बसून यानं बोटी आत घेतल्या.
धुक्यात आंधळी झालेली हजार फुटी लोखंडी धूडं
याच्या आवाजाचं बोट धरून
पुलाखालून सरकत यायची.

मग एका सकाळी मेंदूत नस फुटली
आणि भाषा वाहून गेली.
काठाला एकच शब्द अडकून राहिला : मंगळवार.

पाणी हवंय – मंगळवार.
बहिणीला हाक – मंगळवार.
शिवीसुद्धा तीच.
आठवड्याचे सात वार,
त्यातला एकच नेमका वर्मी बसलेला.

माझ्या ऑफिसात आला तेव्हा
बहीण एल्मी सोबत, दोघांचे बर्फाळ बूट दाराशी,
आणि मध्ये माझा फॉर्म, अकरा पानी.
किती वजन उचलू शकता?
सलग किती वेळ उभे राहू शकता?
आधीच्या कामातलं कोणतं कौशल्य शिल्लक आहे?
एल्मी उत्तरं देत होती.
तो ऐकत होता,
आपल्याच घराचा लिलाव ऐकावा तसा.
आठव्या पानावर मी एल्मीला कॉफी आणायला पाठवलं.

मग चाचण्या. भोकांत खुंट्या बसवायच्या, घड्याळ लावून.
उजवा हात अजून झोपेत, डावा नवशिका.
टक्केवारी आली. टक्केवारी नेहमीच येते.
त्यावरून मी त्याला धुलाईखान्यात लावलं,
हॉस्पिटलच्या चादरींच्या घड्या घालायला.
चार दिवस गेला. पाचव्या दिवशी गेला नाही.
अहवालात मी लिहिलं : प्रेरणेचा अभाव.
वाक्य माझंच. अजून खोडलेलं नाही.

फेब्रुवारीत, तिसऱ्या का चौथ्या भेटीत,
खिडकीखालून बर्फ उपसणारा ट्रक गेला.
आर्मसनं मान तिरकी केली.
बोट वर. थांब.
मंगळवार, म्हणाला, हळहळल्यासारखा.
ट्रक चढावर जाऊन बंद पडला.

कान.
अकरा पानांत कानाला रकाना नव्हता.

लोइस ब्रेकेनचं गॅरेज, बोटींच्या इंजिनांचं.
ती म्हणाली, बोलता न येणारा मेकॅनिक?
गिऱ्हाइकांना काय सांगू?
पहिले तीन महिने निम्मा पगार सरकार देतं,
मी दोनदा सांगितलं.
दुसऱ्यांदा तिला ऐकू आलं.

मी त्याला चित्रांची वही करून दिली :
पंप, पट्टा, झडप, गळती, कॉफी, नको.
तो वही उघडायचाच नाही.
इंजिनावर डावा तळवा ठेवायचा, डोळे मिटायचे,
आणि मग खडूनं फुली मारायचा, जिथं दुखतंय तिथं.
दर आठवड्याला मी जायची, कोपऱ्यात बसायची.
त्याचे बारा-तेरा मंगळवार मला ओळखू येऊ लागले.
प्रश्नाचा चढता. ग्रीससाठीचा आखूड.
एक, बहुधा, माझ्यावर हसण्याचा.

नियम असा :
माणूस कामावर नव्वद दिवस टिकला
की त्याचं पुनर्वसन झालं.
शिक्का मारला. फाइल बंद.
ऑफिसात कुणीतरी केक आणला होता,
दुसऱ्याच कुणाच्या वाढदिवसाचा.
मीही एक तुकडा खाल्ला.

सत्त्याण्णवाव्या दिवशी फोन.
मंगळवार.
शुक्रवार होता.
हा मंगळवार मी कधी ऐकला नव्हता :
खालून येणारा, दातांत धरलेला.
पाठोपाठ कागदाचा आवाज,
रिसीव्हरला लावून चुरगाळला जाणारा.
पुन्हा सपाट केला. पुन्हा चुरगाळला.
पगाराची चिठ्ठी.
सरकारचा निम्मा थांबला होता,
आणि लोइसनं आपला निम्मा
पूर्ण म्हणून दिला होता.

बंद फाइल उघडायला तीन सह्या लागतात.
मी कोट घातला.

मंगळवार, तो पुन्हा म्हणाला,
आणि गप्प राहिला,
रेडिओवर राहतात तसा,
धुक्यातल्या माणसाला ऐकू गेलंय
हे कळेपर्यंत.

ऐकलं, मी म्हटलं. निघाले.