हरकती व सूचना

माझं औषधांचं दुकान दाभोळच्या खालच्या आळीत,
वर पाखाडी, एकशे बारा चिरे.
हुरमत पारकर ते मोजत उतरते.
श्रावणात दोनदा टेकायची, आता पाच वेळा.

डॉक्टरांनी लिहिलेली गोळी
एका फोनवर येते मुंबईहून, रातराणीने.
पण विमा कंपनीचं पत्र म्हणतं
आधी पहिली, मग दुसरी, मग ती.
आणि खाली, बारीक अक्षरात:
आजार वाढल्याचा पुरावा जोडावा.

"वाढला की शाबासकी देतात काय, भाऊ?"
मी चिल्लर मोजत राहिलो.

तिचा नवरा फेरीबोटीवर दोर टाकतो.
धोपाव्याला कुणी अडलं
तर म्हणत नाही, आधी फुटकं होडकं घे,
बुडालास की बोट सोडतो.

पेपरात आलंय, कायदा येतोय म्हणे.
कॅन्सर पुढे सरकला असेल
तर माणसाला पायऱ्या चढायला लावायच्या नाहीत.
अजून मसुदाच आहे. हरकती व सूचना मागवल्यात.
कात्रण मी काउंटरच्या काचेखाली सरकवलं,
पित्ताच्या गोळीच्या जाहिरातीवर.

हुरमतने ते तिच्या बाजूने, उलटंच वाचलं.
"कधीपासून?"
तारीख कात्रणात नव्हती.

पहिल्या गोळीची पट्टी पदरात बांधून
ती निघाली.
सहाव्या चिऱ्यावर बसली.
खाडीला भरती लागलेली.

रात्री शटर अर्धं ओढून
मी पोस्टकार्ड लिहिलं:
हरकत काही नाही.
सूचना एकच.
तारीख टाका.